जुन्या गाडीचा फ्युएल फिल्टर घरच्या घरी कसा बदलायचा

फ्युएल फिल्टर बदलणं म्हणजे दोन नळ्या सोडायच्या, मधला इंधन गाळणारा डबा बदलायचा आणि त्याच दोन नळ्या पुन्हा लावायच्या. हात बसलेला माणूस हे काम अर्ध्या तासाच्या आत उरकतो. नवखा माणूस अडकतो तो या कामाच्या आधी किंवा नंतर. आधी इंधनाच्या लाइनमधला दाब उतरवलेला नसतो आणि पेट्रोलचा फवारा तोंडावर येतो. नाहीतर नंतर गळती नीट तपासलेली नसते आणि गाडी तशीच रस्त्यावर जाते. म्हणून इथे पाना फिरवण्यापेक्षा या दोन गोष्टींनाच जास्त जागा दिली आहे.

दोष खरंच फिल्टरचा आहे का?

चोंदलेल्या फिल्टरची खूण ठरलेली असते. स्लो स्पीडला इंजिन व्यवस्थित चालतं, पण चढावर, ओव्हरटेक करताना किंवा बराच वेळ वेगात चालवल्यावर गाडी गचके खाते आणि पिकअप पडतो. कारण सरळ आहे. स्लोला इंजिनाला इंधन फारच थोडं लागतं आणि तेवढं अर्धवट बंद फिल्टरमधूनही जातं. मागणी वाढली की पुरवठा कमी पडतो. कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुन्या गाड्यांतला भाग) गाडीत तर पाच मिनिटं थांबलं की त्याच्या फ्लोटच्या वाटीत पेट्रोल पुन्हा साचतं, गाडी थोडा वेळ छान पळते आणि मग पुन्हा तेच सुरू होतं. इलेक्ट्रिक पंप असेल तर तो नेहमीपेक्षा मोठ्याने घोंघावतो, कारण त्याला अडथळ्याविरुद्ध जोर लावावा लागतो.

पण हीच लक्षणं थकलेल्या पंपाचीही असतात, टाकीतल्या पंपाच्या जाळीत गाळ बसल्याचीही असतात आणि टाकीची हवेची वाट बंद झाल्याचीही. शेवटची शंका फुकटात दूर होते. गाडी गचके खाऊ लागली की सुरक्षित जागी थांबून टाकीचं झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच सुधारली, तर दोष झाकणात किंवा हवेच्या नळीत आहे, फिल्टरमध्ये नाही. यांत्रिक पंप असलेल्या गाडीत आणखी एक फसवी जागा असते. टाकी आणि पंप यांच्यामधल्या रबरी नळीला बारीक चीर गेली, तर पेट्रोल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. बाहेरून नळी कोरडी दिसते आणि दोष मात्र तिथेच असतो.

जुन्या गाडीचा फिल्टर शेवटचा कधी बदलला याची नोंद नसेल, तर फार तपास करत बसण्यापेक्षा तो बदलून टाकणं शहाणपणाचं. नेमका कालावधी गाडीच्या पुस्तकात असतो. पुस्तक हाताशी नसेल तर अंदाजासाठी कार्ब्युरेटरच्या गाडीला 20,000 किलोमीटर, पेट्रोल इंजेक्शनच्या (पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या) गाडीला 40,000 ते 60,000 आणि डिझेलला 20,000 ते 30,000 किलोमीटर धरा. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीला किलोमीटरचा हिशेब लागू होत नाही. तिच्या टाकीत गंज आणि पाणी असणार हे गृहीत धरूनच सुरुवात करायची.

तुमच्या गाडीचा फिल्टर कोणत्या जातीचा?

नवा फिल्टर आणण्याआधी हे ठरवा, कारण पुढची पद्धत आणि धोका दोन्ही त्यावरच अवलंबून आहेत.

कार्ब्युरेटरच्या गाडीत बहुधा इंजिनाजवळ, पंपाच्या अलीकडे किंवा पलीकडे, मुठीत मावेल एवढा प्लास्टिकचा पारदर्शक फिल्टर असतो. दोन्ही टोकांना रबरी नळी आणि क्लॅम्प. इथे दाब जेमतेम 0.2 ते 0.4 बार असतो. सुरुवात करायला ही सगळ्यात सोपी गाडी.

पेट्रोल इंजेक्शनच्या जुन्या गाड्यांत फिल्टर धातूच्या डब्याचा असतो. तो गाडीच्या पोटाखाली टाकीजवळ किंवा इंजिनाच्या बाजूच्या भिंतीला पट्टीने बांधलेला सापडतो. लाइनमधला दाब साधारण 2.5 ते 4 बार, के-जेट्रॉनिकसारख्या जुन्या यांत्रिक इंजेक्शनमध्ये त्याहून जास्त, 5 बारच्या घरात. इंजिन बंद केल्यावरही हा दाब तासन्‌तास टिकतो, कारण गरम इंजिन चटकन सुरू व्हावं म्हणून तो मुद्दामच राखलेला असतो.

थोड्या नंतरच्या काही गाड्यांत फिल्टर टाकीच्या आत, पंपाच्या सोबत असतो आणि तिथे जाण्याची वाट मागच्या सीटखालून असते, नाहीतर टाकीच खाली उतरवावी लागते. टाकीचं तोंड उघडं करून, केबिनमध्ये पेट्रोलची वाफ भरू देऊन करायचं हे काम आहे. पहिल्याच वेळी ते हातात घेऊ नका, गॅरेजमध्ये द्या.

डिझेलचा फिल्टर मोठा असतो, बहुतेक वेळा इंजिनाच्या खणात वरच्या बाजूला, आणि खालच्या टोकाला पाणी काढायची चावी असते. त्याची रीत वेगळी आहे, ती पुढे दिली आहे.

फिल्टर गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिन सांगूनच घ्या. तोंडाचा व्यास जुळला म्हणजे फिल्टर जुळला असं होत नाही. कार्ब्युरेटरचा प्लास्टिकचा फिल्टर इंजेक्शनच्या लाइनवर बसवला तर तो 3 बारच्या दाबाने फुटतो, तेही गरम इंजिनाशेजारी. उलट इंजेक्शनचा बारीक फिल्टर कार्ब्युरेटरच्या कमजोर पंपापुढे लावला तर गाडी उपाशी राहू शकते.

काय काय लागेल

नवा फिल्टर, आणि त्यासोबत जोडाचं सामान: क्लॅम्प, तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर, रबरी रिंगा, जे तुमच्या गाडीला असेल ते. वॉशर आणि रिंगा नव्याच लागतात. एकदा दाबला गेलेला तांब्याचा वॉशर जुन्या जागी पुन्हा तसाच बसत नाही.

फ्युएलची रबरी नळी अर्धा-एक मीटर जास्तीची आणून ठेवा. जुन्या गाडीत ती लागतेच. आतला व्यास साधारण 6 किंवा 8 मिलिमीटर असतो, पण पाइप मोजून घ्या. नळीवर छापलेला दर्जा वाचा: एसएई 30आर7 ही कमी दाबाची, म्हणजे कार्ब्युरेटरसाठी, आणि 30आर9 ही इंजेक्शनसाठी. पाण्याची किंवा व्हॅक्यूमची नळी दिसायला सारखीच असते, पण पेट्रोलमध्ये ती फुगते आणि मऊ होऊन फाटते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असेल तर नळी इथेनॉलला टिकणारी आहे ना हेही बघा. इथेनॉलसाठी न बनवलेलं जुनं रबर त्यात लवकर कडक होतं आणि तडकतं.

हत्यारांत स्क्रू ड्रायव्हर, योग्य मापाचे पाने आणि इंजेक्शनच्या गाडीला फ्लेअर नटचा (पसरट तोंडाच्या पाइपावरच्या नटाचा) पाना. हा पाना नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरतो, फक्त पाइप आत जाण्यापुरती फट असते. गंजलेल्या फ्लेअर नटावर साधा उघड्या तोंडाचा पाना वापरला की नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो आणि अर्ध्या तासाचं काम पाइप बदलण्यावर जातं. शिवाय नायट्राइलचे हातमोजे (लेटेक्सचे पेट्रोलमध्ये विरघळल्यासारखे होतात), डोळ्यांवर गॉगल, सांडलेलं टिपायला सुती चिंध्या, उथळ धातूचा ट्रे आणि पोटाखाली जायचं असेल तर जॅक, दोन जॅक स्टँड आणि चाकांना लावायला लाकडी ठोकळे.

आगीबद्दल

पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही ठिणगीने पेटू शकते आणि ती हवेपेक्षा जड असते. म्हणजे वर उडून न जाता ती जमिनीलगत सरपटत जाते आणि खड्ड्यात, गटारात, बंद गॅरेजच्या कोपऱ्यात साचते. कितीतरी फुटांवर चालू असलेला गिझर किंवा हीटर तिला पुरेसा असतो. काम उघड्यावर, सावलीत, सपाट आणि पक्क्या जमिनीवर करा. सर्व्हिसच्या खड्ड्यात उतरून हे काम करू नका.

इंजिन थंड असू द्या, निदान दोन तास. बिडी-सिगारेट, ग्राइंडर, जुन्या काचेच्या बल्बचा हातदिवा, सगळं लांब. उजेडाला बॅटरीवरचा एलईडी टॉर्च. पावडरचं किंवा फोमचं अग्निशामक सिलिंडर हाताच्या अंतरावर ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. भिजलेल्या चिंध्या ढीग करून ठेवू नका, मोकळ्या हवेत पसरून वाळू द्या. कपडे भिजले तर काम थांबवून बदला.

टाकी पाव किंवा त्याहून कमी भरलेली असेल अशा दिवशी हे काम काढा. फिल्टर पोटाखाली असेल आणि टाकी भरलेली असेल, तर नळी सोडल्यावर पेट्रोल आपोआप वाहत राहतं आणि ते थांबवायला हात कमी पडतात.

लाइनचा दाब उतरवणं

कार्ब्युरेटर आणि यांत्रिक पंप असेल तर टाकीचं झाकण क्षणभर सैल करून पुन्हा लावा, तेवढं पुरे. इंजेक्शनच्या गाडीत ही पायरी कधीही गाळायची नाही.

1. फ्यूजच्या डब्यात फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले शोधा. झाकणावर आतून नकाशा असतो.
2. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन सुरू करा आणि ते स्लोला चालू असताना फ्यूज काढा. काही सेकंदांत इंजिन लाइनमधलं पेट्रोल पिऊन आपसूक बंद पडेल.
3. आता दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. उरलासुरला दाब उतरतो.
4. चावी काढा, टाकीचं झाकण सैल करा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. रेडिओला कोड असेल तर तो आधी लिहून ठेवलेला बरा.

इंजिन मुळात सुरूच होत नसेल तर फ्यूज काढून चार-पाच सेकंद सेल्फ मारा, पण दाब पूर्ण उतरला असं समजू नका. तसंही पहिला जोड सोडताना त्यावर जाड चिंधी गुंडाळायची, तोंड बाजूला ठेवायचं आणि नट पाव-अर्धा फेरा सैल करून थांबायचं. फुसफुस थांबली, चिंधी थोडी भिजली, की मग पुढे.

कार्ब्युरेटरच्या गाडीचा फिल्टर

सगळ्यात आधी फोटो काढा. नळ्या कशा वळल्या आहेत, फिल्टरवरचा बाण कुठे बघतो, सगळं दिसलं पाहिजे.

दोन्ही क्लॅम्प सैल करून नळीवर मागे सरकवा. नळी ओढू नका, आधी पिळा. जुनी नळी पाइपला चिकटून बसलेली असते, ती थोडी फिरली की निघते. तरीही हलत नसेल तर ब्लेडने लांबीत चिरून काढा, पण चीर फक्त रबरात जाऊ द्या. खाली धातूच्या किंवा प्लास्टिकच्या तोंडावर ओरखडा उठला तर पुढे तिथूनच झिरपणार. फिल्टर तसाही फेकायचाच आहे, पण पंपाचं आणि कार्ब्युरेटरचं तोंड जपा. जोर लावून ओढल्याने ती तोंडं सैल होतात आणि हे नुकसान फिल्टरच्या किमतीत बसत नाही.

टाकीकडून येणाऱ्या नळीतून पेट्रोल येत राहिलं तर तिच्यात गुळगुळीत दांड्याचा, बसेल अशा मापाचा स्वच्छ बोल्ट घाला. जुनी नळी पक्कडीत चिमटून धरू नका, आतून चिरते.

आता नळीची परीक्षा. टोक वाकवून पाहा. बारीक भेगा दिसल्या, आतून बोट फिरवल्यावर काळं लागलं किंवा टोक दगडासारखं कडक झालं असेल तर नळी बदलायची. कुजकी नळी ठेवून नवा फिल्टर लावण्यात अर्थ नाही. तिचे कण फिल्टरच्या पुढच्या बाजूला सुटले तर थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, जातात.

नव्या फिल्टरवरचा बाण इंधन ज्या दिशेने वाहतं त्या दिशेला, म्हणजे टाकीकडून कार्ब्युरेटरकडे. बाण नसेल तर तोंडाशी "इन" आणि "आउट" लिहिलेलं असतं. उलटा बसवला तरी गाडी चालते, हीच त्यात अडचण आहे. कागदाच्या घड्यांना आतून आधार असतो तो एका दिशेच्या दाबासाठी. उलट्या दिशेने कचरा आतल्या बाजूला साचतो आणि फिल्टर अकाली बंद होतो.

काही फिल्टरना तिसरं बारीक तोंड असतं. ते टाकीकडे परत जाणाऱ्या लाइनचं आहे, त्यातून वाफ आणि जास्तीचं पेट्रोल मागे जातं. ते बूच मारून बंद करू नका आणि दोन तोंडांचा फिल्टर आणून काम भागवू नका. उन्हाळ्यात गाडी गरम झाली की बंद पडायला लागेल. बसवताना हे तोंड वरच्या बाजूला राहू द्या.

नळी तोंडावर 20 ते 25 मिलिमीटर आत सरकवा. तोंडाला जो उंचवटा असतो त्याच्या पलीकडे क्लॅम्प आला पाहिजे, उंचवट्यावर नाही. नळीच्या टोकापासून तीन-चार मिलिमीटर जागा सोडा. घट्ट किती? नळीचं रबर क्लॅम्पच्या कडेने किंचित फुगलेलं दिसलं की थांबा. जास्त आवळल्याने गळती थांबत नाही, उलट पट्टीच्या खाचा रबरात घुसतात आणि प्लास्टिकचं तोंड तडकतं. बारीक नळीला शक्यतो आतून गुळगुळीत पट्टीचा क्लॅम्प वापरा.

फिल्टर एक्झॉस्टच्या पाइपापासून लांब ठेवा. नळी कशालाही घासत नाही आणि वळणावर चपटी होत नाही हे पाहा. काही कार्ब्युरेटरना इंधन आत शिरतं त्या नटाच्या मागे स्वतःची बारीक जाळी असते. मुख्य फिल्टर बदलताना तीही काढून साफ करावी, लोक तिला हमखास विसरतात.

इंजेक्शनच्या गाडीचा फिल्टर

पोटाखाली जायचं असेल तर जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, मग जॅक, आणि गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागी जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. स्टँड लावल्यावर गाडी हाताने हलवून बघा. हलायचीच असेल तर तुम्ही बाहेर असतानाच हलू दे.

फिल्टरची दोन्ही टोकं ब्रशने आणि चिंधीने आधी स्वच्छ करा. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण फिल्टरच्या पुढे गेलेला मातीचा कण थेट पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोहोचतो, वाटेत त्याला अडवणारं फारसं काही नसतं. गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवा.

फिल्टर पट्टीत घट्ट असतानाच जोड सैल करा, धरायला सोपं जातं. जोड तीन प्रकारचे भेटतात.

बँजो बोल्ट: पोकळ बोल्ट, पाइपाच्या कडीतून जाणारा, कडीच्या दोन्ही बाजूंना एकेक वॉशर. एका पान्याने फिल्टरचा षटकोन धरा, दुसऱ्याने बोल्ट फिरवा. नुसता बोल्ट फिरवला तर अख्खा फिल्टर फिरतो आणि पाइप मुरगळतो. दोन्ही वॉशर नवे घाला आणि जुना वॉशर कडीला चिकटून राहिलेला नाही ना ते बघा. एकावर एक दोन वॉशर बसले तर तो जोड गळणारच.

फ्लेअर नट: इथेही दोन पाने. लावताना पान्याला हातच लावू नका, तीन-चार आटे बोटांनी फिरले पाहिजेत. बोटाने फिरत नसेल तर नट तिरका लागतोय. सोडून पुन्हा सुरुवात करा. पट्टी सैल ठेवून आधी दोन्ही नट हाताने लावायचे आणि मग पट्टी आवळायची, म्हणजे पाइप आपल्या रेषेत येतो. आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळू नका. हा जोड आट्यांवर बंद होत नाही, पाइपाच्या पसरट तोंडावर होतो, आणि टेपचे धागे पुढे जाऊन इंजेक्टर बंद करतात.

चापाचा प्लास्टिक जोड: नळी आधी फिल्टरकडे आत ढकला, मग दोन्ही बाजूंचे चाप दाबा आणि मग ओढा. आधीच ओढत बसलात तर चाप ताणाखाली अडकतात आणि जुनं प्लास्टिक तुटतं. आत धूळ असेल तर आधी फुंकून काढा. लावताना फिल्टरच्या तोंडाला स्वच्छ इंजिन ऑइलचा एक थेंब, टक आवाज येईपर्यंत ढकला, आणि लगेच उलटं ओढून खात्री करा. आवाज आला पण ओढल्यावर निघाला, तर तो बसलेलाच नव्हता.

आवळण्याचा नेमका टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं ते माप, पुस्तकातून घ्या आणि टॉर्कचा पाना असेल तर वापरा. फिल्टरला अर्थिंगची वायर असेल तर तिची जागा घासून चकचकीत करून परत लावा. वाहत्या पेट्रोलमुळे डब्यावर स्थिर वीज साचते, ती या वायरने चासीत जाते. बाणाची दिशा इथेही तीच: इंजिनाकडे.

डिझेलची गोष्ट वेगळी

डिझेल पेट्रोलसारखं भक्कन पेटत नाही, पण लाइनमध्ये हवा शिरली की इंजिन सुरूच होत नाही. मेकॅनिक म्हणतात तसं, गाडी एअर धरते. त्यामुळे इथे खरं काम हवा काढण्याचं.

खालची चावी उघडून पाणी आणि थोडं डिझेल ट्रेमध्ये काढा. पाण्याचा सेन्सर असेल तर तो जुन्या फिल्टरवरून काढून नव्या रिंगेसह नव्यावर लावा. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगेला डिझेलचं बोट फिरवा. फिरवून बसवायचा फिल्टर असेल तर रिंग टेकेपर्यंत हाताने, मग डब्यावर छापलं असेल तेवढा फेरा, बहुधा अर्धा ते पाऊण. पट्टा-पाना फक्त काढायला वापरायचा.

जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात नवा फिल्टर स्वच्छ डिझेलने भरून लावता येतो, हवा कमी राहते. कॉमन रेलच्या, म्हणजे एका सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरना फार मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या, इंजिनात असं करू नका. मधल्या तोंडातून ओतलेलं डिझेल गाळलेल्या बाजूला जातं आणि त्यातला कण थेट हाय प्रेशर पंपात. तिथे इंधनाच्या लाइनवरच्या छोट्या हातपंपानेच भरा. हवा काढण्याचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत हातपंप दाबा आणि डिझेल येत असतानाच स्क्रू आवळा. पंप कडक लागेपर्यंत आणखी थोडे दाबा.

इंजेक्टरचे नट सैल करून हवा काढायची पद्धत जुन्या यांत्रिक इंजिनांची. कॉमन रेलमध्ये दाब 1,000 बारच्या पुढे जातो. तो फवारा हातमोजा आणि कातडी भेदून आत जातो आणि ती जखम ऑपरेशनच्या टेबलावर संपते. त्या नटांना हात नाही. सांडलेलं डिझेल रबरी पट्ट्यांवरून आणि पाण्याच्या नळ्यांवरून लगेच पुसा, त्याने रबर फुगतं.

सुरू करण्याआधी आणि नंतर

टाकीचं झाकण लावा, सांडलेलं सगळं पुसून वास जाऊ द्या, फ्यूज घाला आणि शेवटी बॅटरी जोडा. इंजेक्शनच्या गाडीत लगेच सेल्फ मारू नका. चावी फक्त ऑनवर घ्या, पंप दोन-तीन सेकंद चालून थांबेल, मग बंद. असं चार-पाच वेळा केलं की नवा फिल्टर भरतो आणि दाब चढतो. काही जुन्या गाड्यांत सेल्फ मारल्याशिवाय पंप चालत नाही, तिथे हा उपाय नाही.

आता, इंजिन बंद असतानाच, प्रत्येक जोडाखाली कोरडा पांढरा कागद धरा आणि टॉर्चने बघा. डोळ्याला न दिसणारं झिरपणं कागदावर दिसतं. कोरडं असेल तर इंजिन सुरू करा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा. कार्ब्युरेटरची वाटी भरायला दोन-तीन वेळा लागतील, घाबरायचं कारण नाही. पारदर्शक फिल्टर अर्धाच भरलेला दिसतो, तेही बरोबर आहे.

पाच मिनिटं चालू ठेवून, मध्ये रेस देऊन, पुन्हा कागद. मग छोटी फेरी मारून इंजिन गरम असताना पुन्हा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी एकदा. थोडंसं झिरपतंय पण चालेल असा प्रकार पेट्रोलमध्ये नसतो. इंजिन बंद करून, दाब पुन्हा उतरवून जोड सोडायचा आणि कारण शोधायचं: मुरगळलेली रिंग, जुना वॉशर, तिरका आटा, उंचवट्यावर बसलेला क्लॅम्प. दाब असताना नट आणखी आवळून बघायचा मोह टाळा.

गाडी सुरूच होत नसेल तर आधी फ्यूज परत लावला का ते पाहा. हसू येईल, पण बहुतेक वेळा तेच निघतं. मग नळी कुठे चिमटली आहे का. सुरू होऊन मिनिटभरात बंद पडत असेल तर ओढणाऱ्या बाजूचा, म्हणजे टाकी आणि पंप यांच्यामधला, जोड बहुधा हवा घेतोय.

जुना फिल्टर फेकण्याआधी

जुन्या फिल्टरमध्ये जे असतं ते इंधन आत शिरलं त्या तोंडातून उलटं, स्वच्छ काचेच्या बरणीत ओता आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. तळाशी वेगळा थर बसला तर ते पाणी. तांबूस भुकटी म्हणजे टाकी आतून गंजते आहे. काळे मऊ तुकडे म्हणजे टाकीकडची कुठली तरी नळी आतून सुटते आहे. चिकट, आंबूस वासाचं पिवळट-तपकिरी द्रव म्हणजे पेट्रोल खूप दिवस पडून खराब झालं आहे. बरणी जवळजवळ स्वच्छ निघाली आणि गाडीचा त्रास तसाच असेल, तर पुढचा संशय पंपावर. लाइनला गेज लावून दाब मोजून घ्या.

गंज भरपूर निघाला असेल तर नवा फिल्टरही महिन्या-दोन महिन्यांत बंद होईल. टाकी धुवून घेईपर्यंत एक फिल्टर गाडीत जास्तीचा ठेवा आणि टाकी तळापर्यंत रिकामी होऊ देऊ नका. ओतून घेतलेलं पेट्रोल टाकीत परत घालू नका आणि गटारातही नको. झाकणाच्या डब्यात भरून, निथळून वाळलेल्या फिल्टरसोबत, जिथे जुनं ऑइल घेतात तिथे द्या. आणि फिल्टरवर किंवा बॉनेटच्या आतून मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा.